चंद्राचा सातबारा

२३ ऑगस्ट हा दिवस २०२४ पासून ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ म्हणून साजरा होऊ लागला आहे. शाळांतून निबंध लिहवून घेतले जातात, मंत्र्यांची भाषणे होतात, चौकाचौकांत अग्निबाणाच्या चित्राशेजारी हात जोडून उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचे फलक लागतात. २०२३ साली त्या दिवशी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद टेकला, तेव्हा या देशातील सामान्य माणसाला झालेला आनंद निखळ होता. त्या आनंदाला नाक मुरडणे हा करंटेपणा ठरेल. भुकेल्या देशाला चंद्र कशाला हवा, हा प्रश्न आपल्याच वर्तुळात पुष्कळदा विचारला गेला आहे. त्याचाही विचार पुढे करू. परंतु उत्सवाच्या गलबल्यात दोन साधे प्रश्न विचारावयाचे राहून गेले आहेत, आणि ते आपण विचारले नाहीत तर दुसरे कोणी विचारील असे दिसत नाही. हे यान कोणाच्या हातांनी घडले? आणि ते जेथे उतरले ती जमीन कोणाची?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी श्रीहरिकोट्याला जावयास नको. मध्य रेल्वेच्या विक्रोळी स्थानकावर उतरले तरी पुरे. तेथील गोदरेजच्या कारखान्याचा भारतीय अवकाश संशोधन संस्थेशी, म्हणजे इस्रोशी, १९८५ पासून संबंध आहे. चांद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या एल.व्ही.एम.-३ या अग्निबाणाच्या मधल्या टप्प्यात ‘विकास’ नावाची दोन द्रवइंधन इंजिने असतात. ही इंजिने हैदराबादच्या एम.टी.ए.आर. या कारखान्यात आणि आपल्या विक्रोळीत तयार होत आली आहेत. अवकाशात गेल्यावर यानाची दिशा फिरवणारी लहान इंजिनेही येथून गेली आहेत. अग्निबाणाच्या दोन्ही कुशींना जी सव्वातीन मीटर व्यासाची, घन इंधनाने ठासून भरलेली नळकांडी असतात, त्यांची विशेष पोलादाची कवचे घडविण्यात पवईच्या लार्सन अँड टुब्रोचा आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा वाटा आहे. वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. ज्या गावात उसाच्या गाळपाची यंत्रे होत असत त्या गावाने अग्निबाणाची अंगे घडवावीत, याचे कौतुक आमच्या वृत्तपत्रांनी पुरेसे केलेले नाही. यानाशी लाखो किलोमीटर अंतरावरून संपर्क ठेवणारा, बंगळूरजवळच्या ब्यालाळू येथील बत्तीस मीटर व्यासाचा ॲंटेना उभारण्यातही तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा मोठा हात होता.

इंजिन म्हणजे काय, हे आमच्या बऱ्याच संपादकबंधूंना ठाऊक नसावे; नाहीतर ‘देशी बनावटीचे’ हे दोन शब्द लिहून ते थांबले नसते. इंजिनाच्या ज्वलनकक्षात अशी उष्णता निर्माण होते की साधे पोलाद तेथे वितळून जाईल. त्या कक्षाच्या भिंती, इंधन आत फवारणारी बारीक छिद्रे, भरधाव फिरणारा पंप, यांतील प्रत्येक भाग कोणीतरी कातावा लागतो, घासावा लागतो, जोडावा लागतो. वेल्डरने घातलेल्या प्रत्येक सांध्याचे क्ष-किरणांनी चित्र काढून तपासणी होते, आणि केसाएवढी भेग दिसली तर तो भाग बाद होतो. संगणकाने चालणारी यंत्रे आली हे खरे, पण यंत्राला भाग कसा धरावयाचा, धातू कोठे ताणला जाईल, हत्यार केव्हा बोथट झाले हे ओळखणारा कातारी आणि जोडारी अद्याप माणूसच आहे. असा कारागीर दोन-तीन वर्षांच्या आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमाने तयार होत नाही. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आय.टी.आय.मधून बाहेर पडलेला मुलगा एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली दहा-पंधरा वर्षे राबतो, तेव्हा कोठे त्याच्या बोटांना ही अक्कल येते. ही अक्कल एकदा विखुरली की ती कोणत्याही निविदेने परत विकत घेता येत नाही, हा मुद्दा येथे नोंदवून ठेवू.

अग्निबाणांचा इतिहास हा जगभरच अशा हातांना विसरण्याचा इतिहास आहे. त्याचा आरंभ तर याहून भयंकर आहे. आधुनिक अग्निबाणांचा पूर्वज म्हणजे हिटलरच्या जर्मनीचा व्ही-२. तो डोंगराच्या पोटातील बोगद्यांत, डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून करवून घेतला गेला. त्या छावणीतून सुमारे साठ हजार कैदी गेले आणि त्यांपैकी सुमारे वीस हजार मेले. त्या अग्निबाणाचा शिल्पकार वेर्नहेर फॉन ब्राउन युद्धानंतर अमेरिकेत गेला आणि १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणारा ‘सॅटर्न-५’ त्याच्याच नेतृत्वाखाली तयार झाला. पलीकडच्या गोटातही काही निराळे घडले नाही. सोव्हिएत अवकाशयानांचा मुख्य शिल्पकार सर्गेई कोरोलेव्ह याला स्टालिनच्या राजवटीने १९३८ मध्ये पकडून कोलिमाच्या श्रमछावणीत धाडले होते. पुढे त्याच माणसाने स्पुटनिक सोडला, गागारीनला अवकाशात पाठविले. पण जानेवारी १९६६ मध्ये तो मरण पावेपर्यंत जगाला त्याचे नाव सांगितले गेले नाही. १९६१ च्या अखेरीस गागारीन मुंबईत आला तेव्हा त्याला पाहावयास लोकांची झुंबड उडाली. त्या गर्दीपैकी कोणाला कोरोलेव्ह हे नाव ऐकूनही ठाऊक नव्हते.

अपोलो मोहिमेसाठी सुमारे चार लाख माणसे राबली असे नासा स्वतः सांगते. त्यांतली एक गोष्ट गिरणगावाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांना विशेष भावेल. अपोलो यानातील संगणकाची स्मृती ही तांब्याची बारीक तार चुंबकीय कड्यांतून ओवून, अक्षरशः विणून तयार केली जाई. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कार्यक्रम असा विणलेला असे. हे काम मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथील रेथिऑनच्या कारखान्यात स्त्री कामगार करीत, आणि त्यांतील काही पूर्वी कापडगिरण्यांत काम केलेल्या होत्या. आर्मस्ट्राँगचा पोशाख शिवला तो स्त्रियांची अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या एका कंपनीतील शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. टाका किंचित चुकला तर माणूस मरेल, हे जाणून त्या शिवीत होत्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो-११ चे तिघे वीर जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले. त्या बायका कोठल्याही दौऱ्यावर गेल्या नाहीत.

आणि त्याच १९६९ च्या जुलै महिन्यात, अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी राल्फ ॲबरनथी हे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्यांसह, केप केनेडीच्या दारात उभे राहिले. उपाशी मुलांसाठी पैसे नाहीत आणि चंद्रासाठी आहेत, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटावयास बाहेर आले. गंमत अशी की ॲबरनथींनी यान उडू नये अशी मागणी केली नाही; अंतराळवीरांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी प्रार्थनाही केली. अंतराळात जाण्याची अक्कल ज्या देशाला आहे त्याने तीच अक्कल भुकेसाठी वापरावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्हाला ही भूमिका आजही योग्य वाटते, आणि तीतच आपल्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे.

भारतात हा प्रश्न आरंभापासूनच विचारला गेला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या थुंबा गावाहून पहिला छोटा अग्निबाण उडाला तेव्हा तेथील चर्चच्या इमारतीत कचेरी होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. तो किनारा कोळ्यांचा होता. त्यांनी जागा सोडली म्हणून तळ उभा राहिला, हेही त्याच इतिहासातले. जागा निवडण्यात विक्रम साराभाईंच्या बरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. अग्निबाणाच्या घन इंधनाचे शास्त्र देशात रुजविले ते वसंत गोवारीकरांनी. साराभाईंची भूमिका स्पष्ट होती: चंद्र-ग्रहांच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी चढाओढ करणे हा आपला हेतू नव्हे, प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या गरजांसाठी राबविणे हा हेतू होय. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले गेले. त्या प्रयोगाची धुरा चिटणीसांनी वाहिली. वादळाची आगाऊ सूचना, मासळीचे थवे, पिकांचा अंदाज, भूगर्भातील पाण्याचा शोध, या सर्वांसाठी आपण उपग्रह वापरू लागलो ते त्या वाटेने.

मग चंद्र कशाला? खर्चाचे आकडे पाहिले तर हा वाद बराचसा निवळतो. चांद्रयान-१ ला सुमारे ३८६ कोटी, मंगळयानाला सुमारे ४५० कोटी, चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या मरीन ड्राइव्ह ते वरळी या एका टप्प्याचा खर्च बारा हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्या रस्त्यावरून लोकलने जाणारा माणूस जात नाही. तेव्हा देशाच्या दारिद्र्याचा दोष मंगळयानाच्या माथी मारणे हा विचाराचा आळस आहे. शिवाय या पैशातून काय मिळाले ते पाहावे. विकास इंजिनाचे मूळ तंत्र फ्रान्सचे. १९७४ च्या कराराने ते आपण मिळविले, पण रोख रक्कम मोजून नव्हे. आपल्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये जाऊन त्यांच्या प्रकल्पावर काम केले, त्या सुमारे शंभर मनुष्य-वर्षांच्या श्रमांच्या मोबदल्यात. परकीय चलन नसलेल्या देशाने घामाच्या चलनात तंत्रज्ञान विकत घेतल्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. उलट अतिशीत इंधनावरील इंजिनाच्या वेळी आपण रशियाशी पैसे मोजून करार केला, तर अमेरिकेने १९९२ मध्ये दोन्ही देशांच्या संस्थांवर निर्बंध लादले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. त्यानंतर वीस वर्षे अपयश पचवीत, ५ जानेवारी २०१४ रोजी आपल्या स्वतःच्या अतिशीत इंजिनावर उपग्रह कक्षेत गेला. ही वीस वर्षे कोणत्या भांडवलदाराने सोसली असती? तिमाहीचा हिशेब देणाऱ्या कंपनीला वीस वर्षे नापास होण्याची चैन परवडत नाही. ती सार्वजनिक संस्थेलाच परवडते, आणि तेच तिचे बळ आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. त्या चुकांचा हिशेब मांडून चार वर्षांनी तोच आराखडा दुरुस्त केला गेला आणि यान उतरले. चारच दिवस आधी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, जवळपास त्याच भागात उतरू पाहणारे रशियाचे लूना-२५ आदळून नष्ट झाले होते. ज्या देशाने १९६६ मध्ये जगात प्रथम चंद्रावर यान अलगद उतरविले, १९७० मध्ये यंत्राकरवी चंद्राची माती आणली आणि त्याच वर्षी शुक्राच्या भट्टीत यान उतरवून दाखविले, त्या देशाचे लूना-२४ नंतर १९७६ पासून एकही यान चंद्रावर उतरले नव्हते. एका पिढीचे कौशल्य विखुरले की काय होते याचा हा धडा विक्रोळीनेही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आमच्या घरातही तो धडा गिरविला जातो आहेच. रांचीची हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही नेहरूकाळातली सार्वजनिक संस्था. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या उड्डाणतळासाठी लागलेली अवजड यंत्रसामग्री, क्रेन, सरकते दरवाजे तिने पुरविले होते. २०२३ साली चांद्रयान-३ उतरले त्या वेळी तेथील कामगारांचा वर्षाहून अधिक काळाचा पगार थकलेला होता, आणि सप्टेंबरात ते दिल्लीला जंतरमंतरवर धरणे धरून बसले. सरकारने खुलासा केला की चांद्रयान-३ साठी या कारखान्याला कोणतेही काम दिलेले नव्हते; त्याने इस्रोला सामग्री पुरविली ती २०१० पर्यंत. खुलासा अचूक असेल. पण ज्यांच्या क्रेनखाली अग्निबाण उभे राहिले त्यांचा पगार थकण्याला तो उत्तर कसे होतो, हे आम्हाला समजलेले नाही. भांडुप-कांजूरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर जेथे एकेकाळी तीन पाळ्यांचे भोंगे वाजत तेथे आज मॉल आणि मनोरे उभे आहेत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील आणि साकीनाक्याच्या गाळ्यांतील लेथ एकामागून एक उठले. कारखान्याची जमीन कारखान्यापेक्षा महाग झाली की काय होते, हे या उपनगरांना शिकवावयास नको.

येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण चंद्राच्या जमिनीचीही गोष्ट तीच होऊ घातली आहे.

१९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की चंद्र व इतर खगोल कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचे करता येणार नाहीत आणि त्यांचे संशोधन सर्व मानवजातीच्या हितासाठी व्हावे. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही महासत्तांनी त्यावर सह्या केल्या. त्या भावनेचा प्रत्यय मुंबईलाही आला होता. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या ३८२ किलो खडक-मातीपैकी काही कण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांवर विश्वकिरणांनी कोरलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली वाचून चंद्राच्या पृष्ठभागाचा इतिहास मांडला. भंडारी पुढे चांद्रयान-१ च्या वैज्ञानिक जडणघडणीतही होते. चंद्राची माती आपल्याकडे आली ती ज्ञानाचा वाटा म्हणून, विक्रीचा माल म्हणून नव्हे.

१९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आणखी एक पाऊल टाकले. चंद्रविषयक करारात म्हटले गेले की चंद्र आणि त्यावरील संपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे. ती संपत्ती काढणे शक्य होईल तेव्हा तिच्या न्याय्य वाटपासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभारावी, आणि विकसनशील देशांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे. भारताने जानेवारी १९८२ मध्ये या करारावर सही केली. त्याला मान्यता मात्र कधी दिली नाही. अमेरिका, रशिया, चीन यांनी तर सहीही केली नाही. मूठभर देशांनी तो स्वीकारला, आणि त्यांपैकी सौदी अरेबियाही २०२४ च्या जानेवारीत बाहेर पडला. तोवर चंद्रावर काही मौल्यवान आहे असे कोणाला वाटत नव्हते, म्हणून करार धूळ खात पडला तरी बिघडले नाही.

मग आपलेच चांद्रयान-१ गेले. २००८ च्या ऑक्टोबरात उडालेल्या या यानावर अमेरिकेचे एक उपकरण होते. त्याच्या निरीक्षणांतून चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. ध्रुवाजवळच्या ज्या विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत तेथे बर्फ आहे हे पुढे अधिक स्पष्ट झाले. बर्फ म्हणजे पाणी, श्वासासाठी प्राणवायू, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे केले की अग्निबाणाचे इंधन. चंद्राचा दक्षिण ध्रुव एकाएकी मोक्याची जागा झाला. जनतेच्या पैशाने पाण्याचा माग काढला, आणि माग लागताच विहिरीवर हक्क सांगणारे पुढे सरसावले. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना व कंपन्यांना अवकाशातून काढलेल्या संपत्तीची मालकी बहाल केली. एप्रिल २०२० च्या अध्यक्षीय आदेशात तर अमेरिका अवकाशाला जगाची सामाईक मालमत्ता मानत नाही, असे निःसंकोच लिहिले गेले. त्याच वर्षी नासाने चंद्रावरची माती खाजगी कंपन्यांकडून विकत घेण्याचे करार केले. त्यांतील एका कंपनीने किंमत मागितली एक डॉलर. हा एक डॉलर मातीचा नव्हे, पायंड्याचा आहे. विकणारा आहे म्हणजे मालक आहे, हे एकदा कागदावर आले की झाले. सातबाऱ्यावर नाव चढविण्याची ही युक्ती आपल्या तलाठ्यांनाही नवी वाटणार नाही.

या व्यवहाराचे समर्थन करणारे कायदेपंडित मासेमारीचा दाखला देतात. समुद्र कोणाचाच नाही, परंतु जाळ्यात आलेली मासळी पकडणाऱ्याची असते. तसाच चंद्र कोणाचा नाही, पण खणून काढलेला बर्फ खणणाऱ्याचा. हा युक्तिवाद त्यांनी एकदा अंधेरीच्या पश्चिमेला, वेसाव्याच्या कोळीवाड्यात जाऊन करावा. समुद्र सर्वांचा होता आणि मासळी पकडणाऱ्याची होती तोवर लहान होडीवाल्याचेही पोट भरत होते. मोठे यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, तेव्हा समुद्र सर्वांचा असूनही मासळी मात्र काही जणांची झाली. चंद्रावर तर पहिल्या दिवसापासून ट्रॉलरच जाणार आहेत. आणि तेथली मासळी पुन्हा विणारी नाही.

याला पर्याय नाही असेही नव्हे. खोल समुद्राच्या तळाशी असलेले धातूंचे गोळे हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे हे तत्त्व १९८२ च्या समुद्रकायद्याने मान्य केले. त्यासाठी जमैकात आंतरराष्ट्रीय प्राधिकरण आहे आणि मध्य हिंद महासागरातील क्षेत्रासाठी ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून पहिली नोंदणी १९८७ मध्ये भारताचीच झाली. त्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. तरी खाणकाम करणाऱ्याने परवाना घ्यावा आणि जगाला हिशेब द्यावा, हे तत्त्व तिच्यात आहे. चंद्रासाठी तेवढेही नको, असे कोणी का म्हणावे? खाजगी भांडवल आल्याशिवाय चंद्र गाठता येणार नाही, असे उत्तर मिळते. चंद्र गाठला गेला तो १९५९ मध्ये, लूना-२ च्या रूपाने. माणूस गेला तो १९६९ मध्ये. मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांच्यापर्यंत १९८९ अखेर याने जाऊन पोहोचली. हे सारे सार्वजनिक पैशाने झाले. २०२४-२५ मध्ये ज्या अमेरिकन कंपन्यांची याने चंद्रावर उतरली त्यांच्या मोहिमांनाही नासाचाच पैसा होता. जोखीम सरकारी तिजोरीची आणि मालकी कंपनीची, या व्यवस्थेला साहस म्हणण्याची आमची तयारी नाही.

अमेरिकेवर टीका करणे सोपे आहे. खरा प्रश्न दिल्लीचा आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अवकाश क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले केले. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीत भारताने ‘आर्टेमिस’ करारनाम्यावर सही केली. अवकाशातील संपत्ती काढणे म्हणजे राष्ट्रीय मालकी सांगणे नव्हे, असा अर्थ हा करारनामा लावतो, आणि आपापल्या कामाभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखण्याची मुभाही देतो. कुंपण घालावयाचे, पण त्याला कुंपण म्हणावयाचे नाही! मुलुंड-कांजूरच्या मिठागरांभोवती कुंपणे कशी सरकली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भाषा कळेल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंजूर झालेले भारतीय अवकाश धोरण. लघुग्रह किंवा अवकाशातील संपत्ती मिळविणाऱ्या बिगरसरकारी कंपनीला ती बाळगण्याचा, तिची मालक होण्याचा, ती वापरण्याचा व विकण्याचा हक्क राहील, असे या धोरणात लिहिले आहे. देशाच्या आंतरराष्ट्रीय बांधीलकीला अधीन राहून, अशी शेपटी त्याला जोडली आहे. ती बांधीलकी कोणती? १९८२ ची सही, की २०२३ ची? एका हाताने सामाईक वारशावर सही आणि दुसऱ्या हाताने मालकीहक्काची सनद, असा हा कारभार आहे. आणि हे धोरण म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. त्यावर लोकसभेत कलमवार चर्चा झालेली नाही. अवकाशविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. धोरण मात्र कायद्याची वाट न पाहता पुढे निघाले.

विक्रोळी आणि पवईचे कारखानेही खाजगीच आहेत, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्यांनी माल बनविला, त्याचे दाम घेतले. आराखडा, यान आणि यानाने मिळविलेले ज्ञान जनतेचे राहिले. चांद्रयानांनी पाठविलेली माहिती इस्रोने अभ्यासकांना खुली केली आहे. अग्निबाण बनविण्याचेच काम संपूर्णपणे बाहेर देण्याची प्रक्रिया आता सुरू झाली आहे. २०२२ मध्ये पाच पी.एस.एल.व्ही. बांधण्याचे कंत्राट हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संयुक्त निविदेला मिळाले. लहान अग्निबाणाचे तंत्रज्ञान घेण्याची बोली २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जिंकली. सार्वजनिक कंपनी पुढे आली हे बरे झाले. पण पुढच्या बोलीत कोण जिंकेल, आणि जिंकणारा आपल्या जोडारी-वेल्डरांना कायम ठेवील की ठेकेदाराच्या हवाली करील, याबद्दल त्या कागदांत काही अट असावी असा आग्रह कामगार संघटनांनी धरावयास हवा होता. तो अद्याप धरता येईल. पंधरा वर्षांत घडलेला हात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर टिकत नाही.

उपनगरांतील आपल्या शाखांना एक सुचवावेसे वाटते. येत्या २३ ऑगस्टला विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे आपणही अंतराळ दिन साजरा करावा. आय.टी.आय.च्या मुलांना बोलवावे, निवृत्त कातारी-जोडाऱ्यांना व्यासपीठावर बसवावे आणि इंजिनाचा सांधा कसा घालतात ते त्यांच्याकडून ऐकावे. आणि सभा संपण्यापूर्वी स्थानिक खासदाराच्या नावे एक पत्र तयार करून त्यावर सह्या घ्याव्यात. पत्रात फार लिहिण्याची गरज नाही. जानेवारी १९८२ मध्ये भारताने चंद्र हा मानवजातीचा सामाईक वारसा असल्याच्या करारावर सही केली. ती सही सरकारला आज मान्य आहे की नाही, आणि मान्य असेल तर २०२३ च्या धोरणातील मालकीहक्काचे कलम कोणत्या अधिकाराने घातले, एवढा तारांकित प्रश्न पुढील अधिवेशनात विचारावा, इतकेच.